मुक्त प्रवेश प्रकाशन आणि आपल्या शोधपत्रिका : एक चिकित्सा

प्रास्ताविक

१४ फेब्रुवारी २००२ रोजी बुडापेस्ट येथून एक जाहीरनामा प्रसृत झाला आणि त्याने ‘ओपन ॲक्सेस’ हा शब्दप्रयोग विद्याक्षेत्रात रूढ केला. त्याचा आशय थोडक्यात असा : संशोधक आपले लेख मानधनाविना लिहितात, परीक्षकही मोबदला न घेता ते तपासतात आणि महाजालामुळे प्रती पोहोचविण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला आहे, तेव्हा तज्ज्ञांनी तपासलेले संशोधन वाचकाला किमतीच्या अडसराविना मिळावे. मराठीत यासाठी ‘मुक्त प्रवेश’ आणि ‘खुला प्रवेश’ असे दोन्ही शब्द वापरले जातात. प्रस्तुत लेखात पहिला स्वीकारला आहे.

या विषयावर आपल्याकडे जे लेखन होते त्यात बहुधा फायद्या-तोट्यांची दोन रकान्यांची मांडणी आढळते. एका रकान्यात ज्ञानाचे लोकशाहीकरण, दुसऱ्यात बोगस पत्रिका. ही मांडणी चुकीची नव्हे. पण ती मुक्त प्रवेशाकडे एकसंध वस्तू म्हणून पाहते. वस्तुतः त्यात दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. वाचकाकडून पैसे न घेणे हा एक. ते पैसे अन्य कोणाकडून, बहुतेक वेळा लेखकाकडून, घेणे हा दुसरा. बुडापेस्टच्या जाहीरनाम्याचा आग्रह पहिल्यासाठी होता. लेखकाने पैसे देणे हा त्यात अनेक पर्यायांच्या यादीतला शेवटी येणारा पर्याय होता. आपल्या महाविद्यालयीन क्षेत्रात मात्र दुसरा व्यवहार पहिल्याला सोडून आला. लेखक पैसे देऊ लागला आणि तरीही वाचकाला लेख मिळेना. मुक्त प्रवेशाने महाविद्यालयीन शोधपत्रिका बिघडविल्या, असे जे सर्रास म्हटले जाते ते या कारणाने अर्धवट ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाचकाच्या बाजूने

शोधपत्रिकांची चर्चा लेखकाच्या बाजूने सुरू करण्याची आपल्याला सवय आहे, कारण आपण सारे लेखक आहोत. ती एकदा वाचकाच्या बाजूने करून पाहू. मुळशी तालुक्यात, समजा पिरंगुट किंवा पौड परिसरात, राहणाऱ्या इतिहासाच्या एखाद्या विद्यार्थ्याने मुळशी सत्याग्रहावर प्रकल्प घेतला. विषय त्याच्या मावळातला आहे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीचे धरण बांधले जाऊ लागले तेव्हा १९२१ ते १९२४ या काळात येथील शेतकऱ्यांनी जमिनी वाचविण्यासाठी लढा दिला आणि सेनापती बापटांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले. धरण झाले, गावे बुडाली, वीज मुंबईकडे गेली.

या विद्यार्थ्याला वाचावयास काय मिळते? सत्याग्रहात सहभागी असलेल्या विनायकराव भुस्कुटे यांनी लिहून ठेवलेला वृत्तान्त आणि प्रा. राजेंद्र व्होरा यांचा १९९४ सालचा मराठी ग्रंथ ही दोन पुस्तके पुण्यातील एखाद्या जुन्या ग्रंथालयात त्याच्या हाती लागतील. व्होरा यांचा इंग्रजी ग्रंथ २००९ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात मुळशीचा लढा हा धरणाविरुद्धचा जगातील पहिला लढा म्हणून मांडला आहे. येथपर्यंत पुस्तके झाली. विस्थापन, जलविद्युत, जमीन संपादनाचा कायदा यांवरील गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील लेख वाचावयाचे तर ते बव्हंशी विदेशी व्यापारी प्रकाशकांच्या पत्रिकांत आहेत आणि सुटा लेख विकत घ्यावयाचा तर तीस-चाळीस डॉलर मोजावे लागतात. पश्चिम घाटातल्या गावाचा इतिहास गावातल्या मुलाला डॉलरच्या भावाने विकत घ्यावा लागणे यात मुक्त प्रवेशाच्या बाजूचा सगळा युक्तिवाद येऊन जातो. त्यासाठी वेगळ्या तत्त्वज्ञानाची गरज नाही.

शासनाने या अडचणीवर काही केले नाही असे नव्हे. अनुदानित महाविद्यालयांसाठी २०१० पासून इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट कार्यक्रमाने अल्प शुल्कात हजारो नियतकालिके उपलब्ध करून दिली. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला मान्यता दिली; २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा विस्तार आहे. हा मुक्त प्रवेश नव्हे, हे मात्र स्पष्टपणे समजून घेतले पाहिजे. ही सार्वजनिक पैशाने केलेली घाऊक खरेदी आहे. दार उघडे आहे ते वर्गणी भरली आहे तोवर, आणि संस्थेच्या ओळखपत्रावर. पदवी घेऊन बाहेर पडलेला विद्यार्थी, गावचा शिक्षक, धरणग्रस्तांच्या संघटनेचा कार्यकर्ता हे दाराबाहेरच राहतात.

आता तिसरा साठा पाहू. मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या परिसरातील धरणे, देवस्थाने, बोली, शेती, स्थलांतर यांवर आपल्याच सहकाऱ्यांनी मराठीत लिहिलेले निबंध संख्येने थोडे नाहीत. ते चर्चासत्रांच्या विशेषांकांत आहेत. दोनशे-तीनशे पानांचा, आयएसएसएन क्रमांक छापलेला, रंगीत मुखपृष्ठाचा तो विशेषांक प्रत्येकाच्या कपाटात आहे. कारण त्याची एक प्रत लेखकाला नोंदणीशुल्कात मिळाली आहे. आपल्या विद्यार्थ्याला तो कोठे मिळेल? विद्यापीठाच्या ग्रंथालयात असण्याची खात्री नाही, महाजालावर असला तर शोधल्याने सापडत नाही. डॉलरची भिंत एक वेळ ओलांडता येईल. या भिंतीला दारच नाही, आणि ती आपण बांधलेली आहे.

मुक्त प्रवेशाचे आपल्याकडील सर्वांत मोठे यश शोधपत्रिकांत नसून प्रबंधांत आहे, असे म्हणावेसे वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि इन्फ्लिबनेटच्या ‘शोधगंगा’मध्ये पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद येथील मराठी प्रबंध पाहता येऊ लागले. त्याने कोणाचे बरे केले आणि कोणाची नक्कल उघडी पाडली हा स्वतंत्र विषय आहे. येथे मुद्दा इतकाच की, कोणाकडूनही शुल्क न घेता दार उघडता येते, याचा हा घरचा पुरावा आहे.

परळचा दाखला

असा दुसरा पुरावा चक्क एका महाविद्यालयाच्या पत्रिकेचा आहे. परळ येथील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय यांच्या अध्यापकवर्गाच्या संस्थेतर्फे १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ प्रसिद्ध होते. या शतकाच्या आरंभी तिच्या संपादकांनी संपूर्ण मजकूर महाजालावर विनामूल्य ठेवला, लेखकाकडून शुल्क घेतले नाही आणि छापील अंकाची विक्रीही सुरू ठेवली. पत्रिकेशी संबंधित अभ्यासकांनी २००५ साली शिकागो येथील परिषदेत मांडलेल्या निरीक्षणानुसार, अंक मुक्त झाल्यानंतर लेखांचे संदर्भ घेतले जाण्याचे प्रमाण वाढले. इतकेच नव्हे तर पूर्वी छापून विस्मृतीत गेलेल्या लेखांकडेही नव्याने लक्ष गेले. याच अनुभवातून मुंबईत ‘मेडनो’ ही प्रकाशनसंस्था वाढली. डॉ. देव कुमार साहू यांनी सुरू केलेल्या या संस्थेने देशातील वैद्यकीय संघटनांच्या पत्रिका एकामागून एक महाजालावर आणल्या. तेव्हाची तिची रीत अशी की, वाचक मुक्त, लेखक मुक्त आणि छापील अंकाच्या वर्गणीवर खर्च भागवावयाचा. विकसनशील देशांसाठी आदर्श म्हणून तिच्याकडे बोट दाखविले जात असे.

२०११ साली वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय प्रकाशनसमूहाने ही संस्था विकत घेतली. पुढे तेथील अनेक पत्रिकांत लेखकाकडून शुल्क घेतले जाऊ लागले. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. व्यवसाय विकला जातोच. पण मुक्त प्रवेशाचा प्रश्न विचारांच्या पातळीवर जितका सोपा आहे तितका मालकीच्या पातळीवर नाही, हे या उदाहरणातून दिसते. पत्रिका कोणाच्या मालकीची आहे यावर ती उद्या कोणाकडून पैसे घेईल हे ठरते. महाविद्यालयाची पत्रिका महाविद्यालयाच्या मालकीची असते, ही आपली जमेची बाजू. तिचा आपण फारसा विचार करीत नाही.

जागतिक पातळीवर नेमके हेच घडले. २००३ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’ने लेखकासाठी १,५०० डॉलर आकारले तेव्हा ती रक्कम अवाढव्य वाटली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘नेचर’ने मुक्त प्रवेशासाठी ९,५०० युरो असा दर जाहीर केला. वर्गणीची भिंत वाचकापुढून उचलून लेखकापुढे ठेवली गेली आणि प्रकाशकाचा नफा जागच्या जागी राहिला. श्रीमंत देशांत ही रक्कम अनुदान देणारी संस्था भरते. आपल्या महाविद्यालयीन अध्यापकामागे अशी संस्था नाही. त्याच्यामागे आहे वेतन आयोग आणि पुढे आहे स्थाननिश्चिती.

गुणांकनाची पेठ

लेखकाकडून पैसे घेण्याची पद्धत आपल्याकडे आली तीच मुळी योग्य मुहूर्तावर. २००९ च्या नियमांनी पीएच.डी.साठी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध होणे आवश्यक केले. ३० जून २०१० च्या नियमांनी एपीआय ही गुणपद्धती आणली : परीक्षित पत्रिकेतील निबंधास १५ गुण, अपरीक्षित परंतु आयएसएसएन वा आयएसबीएन असलेल्या प्रकाशनातील निबंधास १०. वीस-वीस तास अध्यापन करणाऱ्या, प्रयोगशाळा किंवा दप्तरखाना जवळ नसलेल्या हजारो अध्यापकांना एकाच वेळी शोधनिबंधांची गरज निर्माण झाली. मागणी शासननिर्णयाने निर्माण झाली, पुरवठा बाजाराने केला.

आयएसएसएन हा गुणवत्तेचा शिक्का नसून केवळ ओळखक्रमांक आहे, हे ग्रंथपाल परोपरीने सांगत राहिले. आपल्या मोटारीला क्रमांक मिळाला म्हणून ती चालविणारा कुशल ठरत नाही. पण नियमात तो शब्द आला आणि क्रमांक हीच गुणवत्ता झाली. मग ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय त्रैभाषिक’ पत्रिका निघू लागल्या. दीड-दोन हजारांपासून चार-पाच हजारांपर्यंत आकार, आठवड्यात स्वीकृती, संपादक मंडळात पन्नास नावे, आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ नावाचा एक आकडा, जो मोजणारी संस्थाही तशीच. काहींनी शुल्क हा शब्द टाळून लेखकाला वार्षिक किंवा आजीव वर्गणीदार होण्याची अट घातली. आपण सर्वांनी हे पाहिले आहे. त्याची वर्णने करून चर्चासत्रांत हशाही मिळविला आहे.

जागतिक चित्रही याला जुळणारे होते. शेन आणि ब्यर्क यांनी २०१५ साली केलेल्या अंदाजानुसार, अशा शिकारी पत्रिकांतील लेखांची संख्या २०१० मध्ये ५३,००० होती ती २०१४ मध्ये ४,२०,००० झाली, आणि सरासरी शुल्क अवघे १७८ डॉलर होते. त्यापूर्वी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ‘सायन्स’ने जॉन बोहॅनन यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. ढोबळ चुकांनी भरलेला एक बनावट निबंध ३०४ पत्रिकांकडे पाठविण्यात आला; १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला. निवडलेल्या पत्रिकांपैकी सुमारे एकतृतीयांश भारतात होत्या. हा प्रयोग आपल्याकडे मुक्त प्रवेशाविरुद्धचा निर्णायक पुरावा म्हणून सांगितला जातो, तसा तो नाही. तो निबंध केवळ शुल्क घेणाऱ्या मुक्त पत्रिकांकडेच पाठविला होता. वर्गणीच्या पत्रिकांकडे पाठविला असता तर काय झाले असते हे त्यातून कळत नाही. फसलेल्यांत नामांकित व्यापारी प्रकाशकांच्या पत्रिकाही होत्या. त्यातून सिद्ध होते ते एवढेच की, लेख स्वीकारल्यावर ज्याला पैसे मिळतात त्याला नकार देणे जड जाते. हे सांगण्यासाठी प्रयोग तरी कशाला हवा होता?

आपल्या विशेषांकांचे वेगळेपण असे की, त्यांना ‘मुक्त प्रवेशाच्या शिकारी पत्रिका’ म्हणणेही चूक आहे. त्या मुक्त नाहीत. हैदराबाद किंवा अन्यत्रच्या शिकारी पत्रिकेत पैसे देऊन छापलेला निबंध निदान महाजालावर कोणालाही वाचता येतो, आणि म्हणून त्याचे दोष कोणालाही दाखविता येतात. आपला निबंध पैसे देऊन छापला जातो आणि मग कपाटात बंद होतो. तो चांगला असेल तर त्याचा उपयोग नाही, वाईट असेल तर त्याची शिक्षा नाही. चांगले निबंध त्यांत असतात, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. एखाद्या सहकाऱ्याने सुट्टीत गावोगाव हिंडून जमविलेली ओव्यांची किंवा पाणवाटपाची माहिती तीन पानांत आटोपलेली असते, कारण तीन पानांचेच शुल्क भरलेले असते.

पुण्यातील यादी

या गोंधळावर उपाय म्हणून आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्य पत्रिकांची यादी प्रसिद्ध केली. तीत ३८ हजारांहून अधिक नावे होती. तिचे परीक्षण पुण्यात झाले हे येथे विशेष नोंदविण्यासारखे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. शुभदा नगरकर आणि त्यांचे सहकारी यांचा लेख मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. विद्यापीठांनी सुचविलेल्या पत्रिकांतून नमुना घेऊन त्यांनी १,००९ पत्रिका तपासल्या. ३४९ पत्रिकांत पत्ता, संकेतस्थळ, संपादक यांसारखी प्राथमिक माहितीच नव्हती. ५२८ पत्रिकांनी खोटी माहिती दिली होती. पहिली चाळणी ओलांडू शकल्या ११२, म्हणजे शेकडा अकरा. या पत्रिका सुचविल्या कोणी? विद्यापीठांनी, म्हणजे आपल्याच अभ्यासमंडळांनी आणि विभागांनी. प्रस्तुत लेखकाच्या मते या अभ्यासातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब शेकडेवारीची नसून ही आहे.

२ मे २०१८ रोजी आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून वगळल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘यूजीसी-केअर’ची घोषणा झाली, पुणे विद्यापीठात पत्रिका-विश्लेषण कक्ष स्थापन झाला आणि जून २०१९ पासून नवी यादी अमलात आली. हे काम कष्टाचे होते आणि त्याची बूज राखली पाहिजे. मराठीतील काही जुन्या पत्रिकांना त्यामुळे प्रथमच अधिकृत मान्यता मिळाली. परंतु यादीने वाचनाची सवय लागत नाही. पूर्वी आपण विचारीत होतो, ‘आयएसएसएन आहे का?’ नंतर विचारू लागलो, ‘केअरला आहे का?’ पत्रिकेत काय छापून येते हे दोन्ही वेळा कोणी विचारले नाही. यादीतील पत्रिकांवर लेखांचा इतका लोंढा आला की, वर्षातून चार छोटे अंक काढणाऱ्या मंडळींना तो आवरेना. आणि त्यांच्याच नावाची नक्कल संकेतस्थळे उभी करून पैसे उकळणारे निघाले. शेवटी आयोगाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत ही यादी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि ११ फेब्रुवारी २०२५ रोजी तो जाहीर केला. आता यादी नाही. सूचनावजा निकष आहेत, आणि पत्रिका पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आहे. दरम्यान नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.पूर्वीच्या निबंधाची सक्तीही काढून टाकली होती. म्हणजे मागणीचा एक मोठा झरा आटला आहे आणि बाहेरचा पंच निघून गेला आहे. पत्रिका कशासाठी काढावयाची, हा प्रश्न पंधरा वर्षांनी पुन्हा मोकळेपणाने विचारता येईल अशी ही वेळ आहे.

मराठीचा वेगळा प्रश्न

मराठीला शोधनियतकालिकांची परंपरा नवी नाही. १८४० साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दिग्दर्शन’ काढले, १८६७ मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू झाले. भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक, वाईचे ‘नवभारत’, पुण्याची ‘समाज प्रबोधन पत्रिका’, तत्त्वज्ञान विभागाचे ‘परामर्श’, मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ या नियतकालिकांनी लेखकाकडून पैसे घेतले नाहीत. वाचकाकडून जी वर्गणी घेतली ती कागदाच्या खर्चालाही पुरत नसे. आज युरोपात ज्याला ‘डायमंड’ मुक्त प्रवेश म्हणून गौरविले जाते, म्हणजे लेखकही मुक्त आणि वाचकही मुक्त, त्याच्या अगदी जवळचा व्यवहार आपण पदरमोड करून पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. त्याला नाव दिले नव्हते, इतकेच. समकक्ष परीक्षणाचेही तसेच. दोन अनाम परीक्षकांची पद्धत नव्हती, पण मे. पुं. रेगे यांच्यासारखा संपादक लेख वाचीत असे, आणि असा संपादक वाचणार आहे हे लेखकाला ठाऊक असे. परीक्षणाचा नमुना भरून घेण्यापेक्षा हा धाक अधिक उपयोगी होता, असे म्हटल्यास काही सहकारी रागावतील.

या परंपरेला महाजालावर आणताना एक अडचण आली, तिची चर्चा ग्रंथपालांच्या बाहेर फारशी होत नाही. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वी, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे, मराठी अंक श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फाँटांत जुळविले गेले. अशा अंकाची पीडीएफ पडद्यावर उत्तम दिसते. पण तिच्या पोटात मराठी अक्षरे नसतात, रोमन चिन्हांची सरमिसळ असते. शोधयंत्राला ‘मुळशी’ हा शब्द त्यात सापडत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने तो तेथे नाहीच. छायाप्रतीच्या पीडीएफची तऱ्हा याहून वाईट. अंक संकेतस्थळावर चढविला म्हणजे तो मुक्त झाला, या समजुतीने आपण वर्षानुवर्षे कुलूपबंद पेट्या चौकात मांडून ठेवल्या आहेत. अंक युनिकोडमध्ये जुळविणे, प्रत्येक लेखाची स्वतंत्र नोंद, लेखकाचे नाव दोन्ही लिप्यांत, सारांश आणि शोधशब्द मराठीत व इंग्रजीत, पृष्ठांक स्थिर, आणि लेखाच्या पहिल्या पानावर पुनर्वापराच्या परवान्याची एक ओळ, ही कामे कंटाळवाणी आहेत. मुक्त प्रवेश हा प्रत्यक्षात अशाच कामांचा बनलेला असतो. त्याची भाषणे होत नाहीत.

खर्चाचा हिशेब

‘फुकट कसे परवडणार?’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. मुंबईहून निघणारे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ वर्गणीवर चालते आणि लेखकाकडून शुल्क घेत नाही. त्याला बंदिस्त म्हणून नावे ठेवण्याचे कारण नाही. वेतनावर माणसे नेमून दर आठवड्यास अंक काढावयाचा तर पैसा लागणारच. महाविद्यालयाच्या अर्धवार्षिकाची स्थिती निराळी आहे. त्याचे संपादक, परीक्षक, मुद्रितशोधक वेतनावरील अध्यापकच असतात. ओपन जर्नल सिस्टिम्ससारखी आज्ञावली विनामूल्य मिळते. मोठा खर्च आहे तो छपाईचा आणि विशेषांकाच्या समारंभाचा, आणि हे दोन्ही टाळता येतात. ब्राझीलने १९९८ मध्ये ‘सायेलो’ सुरू करून विद्यापीठांच्या व विद्वत्संस्थांच्या पत्रिका एका सामाईक व्यासपीठावर आणल्या; पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांतील संशोधन त्यामुळे जगाला वाचता येऊ लागले. महाराष्ट्रातील महाविद्यालयांनी शंभर पत्रिका शंभर ठिकाणी काढण्याऐवजी जिल्ह्यातील किंवा विषयातील संस्थांनी मिळून एक पत्रिका चालविणे अशक्य नाही. अडचण पैशाची नसून संस्थेच्या नावाची आहे. मूल्यांकनाच्या अहवालात ‘आमची पत्रिका’ असा रकाना भरावयाचा असतो.

‘छापील अंक नसेल तर स्थाननिश्चितीच्या समितीपुढे काय ठेवावयाचे?’ हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर आता समितीनेच द्यावयाचे आहे. यादी गेल्यावर समितीसमोर दोनच मार्ग उरतात. एक, पत्रिकेच्या मुखपृष्ठावरील क्रमांक मोजणे. दुसरा, निबंध उघडून वाचणे. जुलै २०१८ च्या नियमांनुसार भाषा व सामाजिक शास्त्रांतील एका निबंधास १० गुण आहेत. दहा गुण देण्यापूर्वी दहा पाने वाचावीत ही अपेक्षा अवाजवी नाही, आणि निबंध महाजालावर मोकळा असेल तर समितीच्या आधी तो विद्यार्थ्यांनी आणि सहकाऱ्यांनी वाचलेला असेल. मुक्त प्रवेशाचा जो परिणाम आपल्या पत्रिकांवर अद्याप झालेलाच नाही तो हा. परीक्षकाचा अहवाल गोपनीय राहतो. वाचक मात्र उघड असतो. पाच वर्षांपूर्वीचा आपला निबंध आपल्याच वर्गातील मुलगा भ्रमणध्वनीवर उघडून ‘सर, हे गाव या धरणात बुडालेलेच नाही’ असे म्हणू शकतो, ही जाणीव लिहिताना असणे कोणत्याही निकषांच्या यादीहून कठोर आहे.

राहिला जुन्या अंकांचा विषय. येथे कायदा समजून घ्यावा लागतो. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे स्वामित्व हक्क राहतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस निवर्तले. त्यांचे लेखन केव्हाच मुक्त झाले आहे. म. म. दत्तो वामन पोतदार १९७९ साली गेले. त्यांच्या लेखांना २०४० पर्यंत थांबावे लागेल, किंवा वारसांची अनुमती घ्यावी लागेल. त्या काळच्या लेखकांनी पत्रिकेशी करार केले नव्हते, पोस्टकार्डावर होकार कळविला होता. त्यामुळे हक्क बहुतेक ठिकाणी लेखकाकडे, म्हणजे आज त्याच्या नातवंडांकडे आहेत. अंकनिहाय लेखकांची यादी करणे, निधनवर्षे शोधणे, वारसांना पत्रे पाठविणे हे काम पदव्युत्तर वर्गाला प्रकल्प म्हणून देता येईल. ज्या अंकांतील सर्व लेखक १९६५ वा त्यापूर्वी दिवंगत झाले आहेत ते अंक आजच, कोणाचीही परवानगी न घेता, युनिकोडमध्ये जुळवून महाजालावर ठेवता येतात.